फड्याचे बारा फोटो

अतीक म्हणाला, लग्नं संपू दे.
आषाढात ये, आषाढात कॅमेरा रिकामा असतो.
एका फोटोचे ऐंशी, बारा घेतले तर सत्तर,
पेट्रोल आर्णीपासून धरायचं,
अर्धे आधी.
वहीच्या मागच्या पानावर मी उतरवून घेतलं
आणि खाली यादी केली:
समोरून. मागून. मुठीची गाठ, जवळून.
टोकं, पसरलेली.
तीन फडे एकत्र.
एक फडा, वापरात.
पांढऱ्यावर एक, उभा.

पंचफुला आत्याला वाचून दाखवली.
शिंदीचं पान दातात धरून ती चिरत होती.
पान काढून म्हणाली,
"फड्याले समोर अन् मांग असते काय?"

पांढरा पडदा नव्हता.
चौकातला फ्लेक्स मागून आणला,
कुण्या भाऊंचा वाढदिवस होऊन गेलेला,
आणि उलटा टांगला. मागून अगदी कोरा.
दहा वाजता उघाड पडली
तशी भाऊंची मिशी
हळूहळू अलीकडे उमटली,
गाठीच्या बरोबर वर.
"पुसून देतो," अतीक म्हणाला. "त्याचे वीस."

दुकानाच्या फॉर्मात लांबी सेंटिमीटरमध्ये मागतात.
आत्यानं फड्याशेजारी वीत टाकली,
मग दुसरी, मग चार बोटं,
आणि अतीकनं नेमकं तेच टिपलं.
फुटकी नखं,
अंगठ्यात मोडून राहिलेल्या काट्याचा काळा ठिपका.
"हातही साफ करू का, कॉम्प्युटरवर?"
भाऊंच्या मिशीला दिले तेवढे पुष्कळ.
वहीतली सफाईची ओळ मी खोडली.

वापरातल्या फोटोला कचरा लागतो.
आमचं अंगण पहाटेच झाडून झालेलं, सड्यासकट.
मग शेजारच्या बेबीकडून घमेलंभर आणला:
निंबाची पानं, तुरीचं कुटार, गुटख्याची एक पुडी.
पुडी मी वेचून काढली. बाकीचा पसरला.
अतीक गुडघ्यावर बसला.
"काकी, हळू. आता थांबा. तिथंच."
थांबते कशाची.
त्यानं लेन्स बदलेस्तोवर
अंगण स्वच्छ, कचरा ढिगात, ढीग घमेल्यात.
पुन्हा पसरला.
पुन्हा.
चौथ्यांदा कंबरेवर हात ठेवून तिनं विचारलं,
"तुमाले फडा इकायचा हाये का कचरा?"
बेबी दारात बसून हसत होती, कचरा परत मिळायची वाट बघत.

राहिला उभा.
"उभा नाई करायचा. उभ्या फड्यानं भांडण लागते."
"पण काकी, घेणारे पुण्याचे, बंगलोरचे,
त्यांना कुठे ठाऊक?"
"भांडण तं इथं लागन ना बाप्पा,
उभा माह्या घरी हाये तो."
अतीकनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.
नियम दुकानाचा होता,
पहिला फोटो उभाच हवा,
अक्षर मात्र माझं.

शेवटी फ्लेक्स उतरवून जमिनीवर अंथरला,
भाऊ पालथे, फडा त्यांच्या पाठीवर निजवलेला,
आणि अतीक शिडीवर,
खाली मी शिडी धरून, आत्या मला धरून.
निजलेल्या फड्याचं तिला काही नव्हतं.

आठवड्यानं फोटो आले.
मोबाईल तिच्या हातात दिला.
गाठ तिला आवडली. वीत पाहून म्हणाली, माहीच हाये.
बाराव्याशी थांबली.
पांढऱ्याशुभ्र काहीच नसण्यात
फडा उभा,
कशालाही न टेकता.
ती काही बोलली नाही. तिनं मोबाईल आडवा केला.
फोटो जरासा थबकला
आणि फिरून उभा राहिला.
तिनं दुसऱ्या बाजूनं केला.
पुन्हा उभा.

मग उठून तिनं मोबाईल
दाराआड, फडा ठेवते तिथं,
पालथा निजवला
आणि चुलीकडे गेली.
आत तो दोनदा वाजला.
पहिली ऑर्डर असेल, किंवा अतीक,
उरलेल्या अर्ध्यांसाठी.